खारापासून शिक्क्यापर्यंत : लोणारच्या पर्यटनाचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांनीही त्याला मिळालेल्या बहुमानांविषयी ऐकलेले असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवारसा मानले आहे. इथले दैत्यसूदनाचे मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २००० साली सरोवर आणि त्याभोवतालचे जंगल अभयारण्य झाले. २०२० साली रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचा समावेश झाला. नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळवणारे हे महाराष्ट्रातले दुसरे ठिकाण.

हे सगळे शिक्के जागेवर उमटलेले आहेत. सरोवर पाहायला आलेला माणूस ज्या लॉजमध्ये उतरतो, ज्या खानावळीत जेवतो, ज्या गाडीने येतो, त्यांच्याविषयी हे शिक्के काहीच सांगत नाहीत. जागा जगाने मान्य केलेली. पण त्या जागेवर पोट असलेल्या धंद्याची हमी कोण देणार? जगात याचे उत्तर म्हणून शाश्वत पर्यटनाची प्रमाणपत्रे निघाली. लोणारसारख्या गावी त्यांचा अर्थ काय होतो हे समजून घ्यायचे, तर आधी या गावाने आजवर कशाकशाचा हिशेब ठेवला ते पाहावे लागते.

खाराचा मक्ता

अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येते. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ इथे निघतात आणि सरकारला त्यातून चांगला महसूल मिळतो, असा त्या नोंदीचा आशय आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या या मोजक्या ओळींत लोणारच्या पुढच्या तीन-साडेतीनशे वर्षांची ओळख सामावली आहे: एकीकडे तीर्थ, दुसरीकडे महसूल.

मोगलांनंतर निजाम आणि १८५३ नंतर वऱ्हाडचा कारभार हाती आलेले इंग्रज, या सर्वांच्या लेखी लोणार म्हणजे खार. उन्हाळ्यात पाणी मागे सरके, काठाच्या चिखलावर पांढरी साय धरे आणि मजूर ती गोळा करीत. जुन्या कागदांत या खाराच्या जाती नावानिशी आहेत: डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. वऱ्हाडची गॅझेटिअरे मी या लेखासाठी पुन्हा चाळली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे जाणवली. खार किती निघतो, कशासाठी विकला जातो, त्याचे उत्पन्न किती, याची काळजी या कारभाराला होती. सरोवरातून काय बाहेर गेले याचा हिशेब होता. सरोवरात काय आत आले याचा हिशेब नव्हता. तसा तो ठेवायची गरजही भासली नसावी, कारण गाव लहान होते आणि यात्रेकरू आले तसे परत जात.

हा खार येतो कुठून, या प्रश्नाकडे ला टूश आणि ख्रिस्ती यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात लक्ष घातले. आज आपल्याला ठाऊक असलेले उत्तर साधे आहे. भोवतालच्या काळ्या पाषाणातून झिरपणारे पाणी थोडाथोडा सोडा घेऊन येते. सरोवरातून बाहेर वाहणारा ओढा एकही नाही. पाणी उन्हाने उडून जाते, खार मागे उरतो. हजारो वर्षांच्या या साचण्याने पाणी इतके अल्कधर्मी झाले की त्याचा सामू साडेनऊ-दहाच्या घरात जातो. सरोवराची कीर्ती ज्या गुणामुळे झाली, तोच त्याचा दुबळेपणा आहे. इथे आत आलेले बाहेर पडत नाही.

तीर्थाकडून विज्ञानाकडे

लोणारची कथा लवणासुराची. जमिनीखाली दडलेल्या या दैत्याला विष्णूने मारले, त्याच्या रक्ताचे पाणी झाले आणि मांसाचा खार, असे लोक सांगत आले. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेचे. विवराच्या काठावर गोमुखातून पडणारी बारमाही धार गोड्या पाण्याची आहे. खाली सरोवराकाठी कमळजा देवी आहे, नवरात्रात तिची यात्रा भरते. वर गोडे, खाली खारट. वर स्नान, खाली दर्शन. तीर्थाची ही मांडणी पाण्यावरच उभी आहे.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची दखल घेतली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे हे ज्वालामुखीचे मुख असावे, असेच बहुतेक भूवैज्ञानिकांचे मत होते. दख्खनच्या काळ्या पाषाणात दुसरे काय असणार, हा विचार स्वाभाविक होता. १९६४ मध्ये लाफाँ आणि डिएट्झ यांनी हे अशनीच्या आघाताने झालेले विवर असल्याचे मांडले. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पुरावा दिला: आघाताच्या दाबाने काचेसारखे झालेले खनिज इथल्या खडकात सापडले. बेसॉल्टमध्ये आघाताने झालेली विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत. चंद्राच्या पृष्ठभागावर मात्र बेसॉल्ट विपुल आहे, म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणार महत्त्वाचे वाटू लागले. विवराचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले.

या संशोधनाने सरोवराचा पाहुणा बदलला. यात्रेकरूच्या बरोबरीने विद्यार्थी, शास्त्रज्ञ, छायाचित्रकार, शाळेच्या सहली येऊ लागल्या. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान झाले, खासगी लॉज झाले. खाराचा मक्ता इतिहासजमा झाला आणि सरोवराची कीर्ती हेच गावाचे नवे उत्पन्न ठरले. हिशेबाची रीत मात्र जुनीच राहिली. किती पर्यटक आले, हे आपण मोजतो. त्यांच्यामागे काय उरले, हे क्वचितच.

बाहेर जायला वाट नाही

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावरच गाव वसलेले, आता नगरपरिषदेचे शहर. शहर वाढले, नळ आले, सांडपाणी वाढले. उतार विवराच्या दिशेने असेल तिथले पाणी खालीच जाणार. सांडपाणी, अतिक्रमणे, वेडी बाभूळ अशा प्रश्नांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर जनहित याचिका वर्षानुवर्षे चालली आणि न्यायालयाने प्रशासनाला वेळोवेळी आदेश दिले.

२०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सगळ्या देशाचे लक्ष इकडे वळले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. बाष्पीभवनाने पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि क्षारप्रिय ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांची संख्या वाढली, त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले, असा निष्कर्ष निघाला. पावसाचे गोडे पाणी मिसळल्यावर रंग ओसरला. घाबरण्याचे कारण नव्हते, पण धडा होता. पाणी थोडे कमी-जास्त झाले की या सरोवराचे सारे जीवजगत बदलते. सांडपाणी वा गोड्या पाण्याचा लोंढा सतत येत राहिला, तर खारटपणा उतरेल आणि लोणारचे लोणारपणच विरघळेल.

त्याच वर्षी रामसर यादीत नाव आले. हा करार १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी झाला. पाणथळ जागांचा शहाणपणाने वापर हे त्याचे सूत्र. या कराराची आणखी एक यादी आहे, मॉन्ट्रो नोंदवही. ज्या जागांचा पर्यावरणीय स्वभाव बिघडतो आहे, त्यांची नावे तिच्यात जातात. ओडिशाचे चिलिका सरोवर १९९३ मध्ये त्या नोंदवहीत गेले आणि मुख सुधारल्यावर २००२ मध्ये बाहेर आले. मिळालेला मान कायमचा नसतो. तो पुन्हापुन्हा कमवावा लागतो. प्रमाणपत्रांच्या जगाचा हाच पाया आहे.

शिक्क्यांचा जन्म

पर्यटनातली पर्यावरणाची प्रमाणपत्रे ही जेमतेम चाळीस वर्षांची गोष्ट. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये स्वच्छ किनाऱ्यांसाठी ‘ब्लू फ्लॅग’ सुरू झाला. १९९२ च्या रिओ परिषदेनंतर हॉटेले व सहल कंपन्यांसाठी वेगवेगळ्या खुणा निघाल्या. कोस्टा रिका या छोट्या देशाने १९९७ च्या सुमारास स्वतःची सरकारी पद्धत आणली, हॉटेलाच्या कामगिरीनुसार पाने देण्याची. खुणा इतक्या झाल्या की कोणती खरी, कोणती नुसती हिरव्या रंगाची, हेच कळेना. मग २००८ मध्ये समान निकष जाहीर झाले आणि त्यांची राखण करणारी ‘ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल’ म्हणजे जीएसटीसी उभी राहिली. ही संस्था स्वतः हॉटेलांना प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना ती मान्यता देते. परीक्षा घेणारा वेगळा आणि परीक्षकाला तपासणारा वेगळा, अशी ही दुहेरी रचना.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. मुंबईत विलेपार्ल्याला विठ्ठल कामत यांनी उभारलेले ‘ऑर्किड’ हे ‘इकोटेल’ प्रमाणपत्र मिळवणारे आशियातले पहिले पंचतारांकित हॉटेल म्हणून ओळखले गेले. ‘इडली, ऑर्किड आणि मी’ वाचलेल्यांना त्या हॉटेलच्या उभारणीची जिद्द ठाऊक आहे. २०१४ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने भारतासाठी शाश्वत पर्यटनाचे निकष आणले. तारांकित वर्गीकरणातही सांडपाणी प्रक्रिया, पर्जन्यजल संधारण अशा अटी आल्या. पण तारांकित हॉटेल हा लोणारचा प्रश्न नाही. लोणारचा प्रश्न आठ-दहा खोल्यांच्या लॉजचा, दोन खोल्यांच्या घरगुती निवासाचा आणि रस्त्याकडेच्या खानावळीचा आहे.

दहा खोल्यांच्या लॉजने काय करावे?

जिल्ह्यातल्या एका लॉजमालकांशी मी या विषयावर बोललो. त्यांचा पहिला प्रश्न रोखठोक होता: “सर, शिक्क्यानं गिऱ्हाईक वाढते का, ते सांगा पहिले.” प्रश्न योग्य आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की लगेच वाढेलच असे नाही. पण वारे त्या दिशेने वाहते आहे. ‘बुकिंग डॉट कॉम’ या संकेतस्थळावर हॉटेलांनी स्वतः भरलेल्या माहितीवर शाश्वततेची खूण मिळे. नेदरलँड्समधल्या ग्राहक प्राधिकरणाने हरकत घेतल्यावर २०२४ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि तिऱ्हाईत संस्थेचे प्रमाणपत्र दाखवायची पद्धत आली. युरोपीय संघाचा २०२४ चा कायदाही तेच म्हणतो: पडताळणीशिवाय हिरवी खूण लावता येणार नाही. सप्टेंबर २०२६ पासून तो लागू करायचे ठरले. परदेशी पाहुणे पाठवणाऱ्या कंपन्या उद्या लोणारच्या लॉजलाही कागद मागतील.

इथे तीन कागदांतला फरक समजून घ्यायला हवा. परवाना म्हणजे धंदा करण्याची कायदेशीर मुभा. नोंदणी म्हणजे शासनाच्या यादीत नाव. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडून मिळते ती ही. प्रमाणपत्र याहून वेगळे. धंदा ठरलेल्या निकषांवर चालतो, हे त्रयस्थाने येऊन पाहिले आणि मुदतीपुरते लिहून दिले, तर ते प्रमाणपत्र. पहिले दोन कागद नसतील तर तिसरा मिळत नाही, कारण कायद्याचे पालन हाच त्याचा आरंभीचा निकष असतो.

जीएसटीसीच्या निकषांचे चार भाग आहेत: व्यवस्थापन, स्थानिक लोकांचे हित, संस्कृतीचे जतन आणि पर्यावरण. ऐकायला भारदस्त वाटतात, पण दहा खोल्यांच्या लॉजच्या मापाने पाहिले तर सुरुवात वहीपासून होते. महिन्याचे वीजबिल, पाण्याचे टँकर किंवा मीटरचे आकडे, गॅसच्या टाक्या, कचऱ्याचे वजन आणि मुक्कामी पाहुण्यांची संख्या एका वहीत लिहायची. वर्षभरात एका पाहुण्यामागे किती पाणी आणि किती वीज लागते, हे निघते. हा आपला आधाराकडा. पुढे कमी झाले की वाढले, हे याच्याशीच ताडून पाहायचे.

मग एक पानाचे धोरण लिहायचे आणि ते कामगारांना समजेल अशा मराठीत भिंतीवर लावायचे. मैला टाकी कुठे आहे, तिला शोषखड्डा आहे का, तिचा उपसा कधी झाला, गाळ कुठे नेला, याची पावती ठेवायची. अंघोळीचे आणि स्वयंपाकघराचे पाणी वेगळे काढून बागेला देता येते का, ते पाहायचे. ओला कचरा खतात, सुका भंगारवाल्याकडे. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांऐवजी गाळलेल्या पाण्याचा पिंप. माणसे गावातलीच, पगार नियमाप्रमाणे. भाजी-भाकरीचे सामान शक्यतो आसपासच्या शेतकऱ्यांकडून. पाहुण्याला सूचना: सरोवरात उतरून साबण लावू नये, दगड उचलून नेऊ नयेत, मंदिरांच्या कोरीवकामावर हात फिरवू नयेत. आणि या सगळ्याची जबाबदारी असलेला एक माणूस, नावानिशी.

एवढे वर्षभर चालले की मान्यताप्राप्त संस्थेकडे अर्ज. लेखापरीक्षक कागद पाहतात, मग प्रत्यक्ष येऊन टाकीचे झाकण उघडतात, कामगारांशी बोलतात. उणिवा लिहून देतात, त्या भरायला मुदत मिळते. मग ठरावीक वर्षांसाठी प्रमाणपत्र आणि मध्ये पुन्हा तपासण्या. उणीव निघणे म्हणजे नापास होणे नव्हे. ती लपवणे म्हणजे नापास होणे.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा खर्च लहान लॉजला झेपणारा नसतो. त्यासाठी देशातच एक जवळची पायरी आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने पर्यटन निवासांसाठी ‘स्वच्छता ग्रीन लीफ रेटिंग’ आणले. त्यात एक, तीन किंवा पाच पाने मिळतात. २०० गुणांपैकी ८० मैला व्यवस्थापनाला, ८० घनकचऱ्याला आणि ४० सांडपाण्याला. मालकाने आधी स्वतःचे मूल्यमापन करायचे, मग उपविभाग पातळीवर पडताळणी आणि जिल्हा पातळीवर निर्णय. ही योजना स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण शाखेतून आली, म्हणून शहराच्या हद्दीबाहेरच्या रिसॉर्ट आणि घरगुती निवासांसाठी ती आधी उपयोगाची. पण शहरातल्या लॉजलाही तिची तपासणी यादी वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि तिचे गुण पाहा: सगळेच्या सगळे बाहेर काय टाकले यावर. लोणारच्या जुन्या हिशेबात नेमके हेच पान कोरे होते.

विदर्भातले दोन दाखले

एकट्या लॉजने केले तर सरोवर वाचेल का? वाचणार नाही. म्हणून विदर्भातली दोन उदाहरणे पाहावीशी वाटतात.

पहिले पेंचचे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. रात्रीचे आकाश अंधारे राखल्याचा हा मान. तो मिळवायला वनखात्याचा अर्ज पुरला नाही. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडे उजेड टाकणारे बसवावे लागले. अंधाराला हद्द नसते, तशी सांडपाण्यालाही नसते. लोणारमध्ये प्रमाणपत्र एकेका लॉजचे असले तरी तयारी मोहल्ल्याची हवी. टाक्यांचा उपसा करणारी एक गाडी, कचरा वेगळा नेणारी एक व्यवस्था, एक सामायिक वही: हे दहा लॉजवाल्यांनी मिळून केले तर खर्च वाटला जातो आणि परीक्षकाचा फेराही एकच होतो.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्यातले, शेगावचे. श्री गजानन महाराज संस्थानातली स्वच्छता, भक्तनिवासातली टापटीप, पाळीपाळीने सेवेला येणारे हजारो सेवाधारी यांच्याविषयी महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. शेगावला जाणारा माणूस भिंतीवर कोणते प्रमाणपत्र आहे, हे पाहत नाही. त्याला आधीच्या माणसाने सांगितलेले असते. हा लोकांच्या तोंडचा शिक्का कोणत्याही कागदापेक्षा भारी आहे. पण तो एका संस्थेने, एका शिस्तीने, पिढ्यान्‌पिढ्या काम करून मिळवला. लोणारला अशी एक संस्था नाही. तिथे नगरपरिषद आहे, वनखाते आहे, पुरातत्त्व खाते आहे, महामंडळ आहे आणि वीस-पंचवीस वेगवेगळे मालक. जिथे एकाच शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, तिथे कागद लागतो. प्रमाणपत्र हा विश्वासाचा पर्याय नव्हे. विश्वास जमेपर्यंतची ती टेकणी आहे.

आक्षेप आणि हिशेब

प्रमाणपत्रांवर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. श्रीमंत हॉटेले सल्लागार ठेवून कागद मिळवतात, गरीब लॉज मागे पडते. निकष इंग्रजीत असतात. तपासणीपुरती साफसफाई होते. भिंतीवर शिक्का आणि मागच्या गल्लीत उघडे गटार, असेही दिसू शकते. पण या आक्षेपांतून निष्कर्ष निघतो तो प्रमाणपत्र नको असा नाही, तर ते कसे असावे याविषयीचा: निकष मराठीत, लहान धंद्यांना गटाने अर्ज करायची सोय, तपासणीचा निकाल गावकऱ्यांना वाचता येईल असा चावडीवर.

आणि शहराची मलनिस्सारणाची व्यवस्था हे काम कोणत्याही लॉजमालकाच्या आवाक्यातले नाही. ते नगरपरिषदेचे आणि शासनाचे. धंद्याने आपले पान नीट लिहिले, की सार्वजनिक व्यवस्थेला तिचे पान विचारण्याचा नैतिक हक्क त्याला मिळतो. एरवी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पाणी उताराने खाली जात राहते.

अकबराच्या दफ्तरापासून आजच्या पर्यटक-संख्येपर्यंत लोणारने आपल्याला काय दिले, हे आपण काळजीपूर्वक लिहीत आलो. वाहून जाणाऱ्या नदीच्या काठी एवढ्यावर भागते. नदी आपली चूक पुढच्या गावाकडे नेते. लोणारच्या सरोवराला पुढचे गाव नाही. आपण त्याला काय दिले, ते सगळे तिथेच आहे आणि तिथेच राहणार आहे.